तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीत ‘फार झालं’ कसं म्हणायचं

लालबागला मी मोठ्या मुलांना इंग्रजी लिहायला शिकवते, आणि वह्या परत दिल्या की कोणीतरी विचारतंच, मॅडम, भाषा अती झाली की तुम्ही बाजूला नुसतं ‘फार झालं’ लिहिता, याला इंग्रजीत धड शब्द नाहीये का? आहे ना, चिक्कार आहेत, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

माझा सगळ्यात जवळचा शब्द बॉम्बास्ट. त्याचा बॉम्बशी संबंध नाही, बॉम्बेशी तर नाहीच नाही. बॉम्बास्ट म्हणजे मुळात कपड्यात भरायचा कापूस, १६व्या शतकात इंग्लंडमधले पुरुष छाती फुगीर दिसावी म्हणून डबलेट नावाच्या जाकिटात तो कोंबायचे, आणि मग तशाच कोंबून फुगवलेल्या भाषेलाही तेच नाव पडलं. फस्टियनचंही तसंच, आधी जाडंभरडं कापड, नंतर फुगीर भाषा. माझे बाबा गिरणीत स्पिनिंग खात्यात होते, घरी यायचे तेव्हा केसांत, कानांत, भुवयांवर कापसाची पिंज असायची, त्यामुळे डिक्शनरीत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवून बसले.

पण सरसकट बॉम्बास्टिक म्हणू नका. सोसायटीची नोटीस अख्खी कॅपिटलमध्ये आणि खाली तीन उद्गारचिन्हं, ते श्रिल, कानात घुसणारं. ‘लाख वेळा सांगितलं’ ही हायपर्बली (हो, शेवटी ली, हायपरबोल नाही), म्हणजे आपली शाळेतली अतिशयोक्तीच, तिच्यात वाईट काही नाही.

आणि गशिंग म्हणजे उतू जाणं. परवा एका मुलीने नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय ॲम व्हेरी व्हेरी एक्स्ट्रीमली हॅपी टू अप्लाय’. यात भपका कुठाय? बिचारीला खरंच आनंद झालाय, आणि व्हेरीचा जुना अर्थही ‘खरा’ असाच होता, फ्रेंचमधून आलेला, वापरून वापरून झिजला. तरी मी तिन्ही शब्द खोडले. ती म्हणाली, मग मॅडम आनंद दिसणार कसा? म्हटलं, कशाचा आनंद ते लिही ना.

पेन चावत बसली थोडा वेळ. मग लिहिलं की आजीला घेऊन दोन वर्षं मी याच हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत उभी राहतेय, आता मला त्या खिडकीच्या आत बसून काम करायचंय. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, तेवढ्या दुरुस्त केल्या, बाकी वाक्याला हात लावला नाही.