नावापुढचा कंस

परवा जुनी कार्डं आवरताना "चिमाजी अप्पा" असं लिहिलेलं एक कार्ड हाताला लागलं. खाली माझ्याच अक्षरात पृष्ठक्रमांक : ८८, ९१, ९२, १०४, ११०, मग एकदम ३४७, ३४८, ३५१, ३६०. बाकीची कार्डं पुस्तक छापून आलं की मी टाकून देते. हे ठेवलंय, कारण त्यावर माझी चूक आहे.

मी पुस्तकांच्या शेवटी असते ती व्यक्तिनामसूची करते. पान वाचायचं, नाव आलं की कार्ड काढायचं, पृष्ठक्रमांक टाकायचा, शेवटी सगळी कार्डं अकारविल्हे लावायची. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं, पण पहिलं वाचन मी अजून कार्डांवरच करते. हाताने नाव लिहिलं की ते माणूस म्हणून डोक्यात राहतं. फाइंड मारून सापडलेलं नाव नुसतं नाव असतं.

तर ते चिमाजी अप्पा. पान ११० नंतर हा माणूस दोनशे छत्तीस पानं गायब आहे, एवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती. ८८ ते ११० वरचे चिमाजी अप्पा म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. त्यांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात ते वारले. ३४७ पासूनचे चिमाजी अप्पा म्हणजे रघुनाथरावांचा मुलगा, दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेल्यावर त्यांच्या विधवा पत्नीच्या, यशोदाबाईंच्या मांडीवर या मुलाला दत्तक दिलं आणि १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रंही दिली. काही महिन्यांतच ती काढूनही घेतली. माझ्या सूचीत मात्र वसई जिंकणारा माणूस मेल्यावर पंचावन्न वर्षांनी दत्तक जाऊन पेशवा झाला होता.

पुस्तक बाजारात आल्यावर एका वाचकाचं पत्र आलं. रागाचं नव्हतं. या दुसऱ्या मुलाची आठवण आधीच कुणी काढत नाही, त्याला सूचीत स्वतःची एक ओळ तरी मिळायला हवी होती, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही. तोपर्यंत मी चूक म्हणजे चुकीचा पृष्ठक्रमांक एवढंच समजत होते. दोन माणसं एका ओळीत घातली की त्यातलं एक नाहीसं होतं, आणि बहुतेक वेळा जे कमी नावाजलेलं तेच जातं, हे मला त्या पत्राने शिकवलं.

तेव्हापासून माझ्या कार्डावर नावाच्या आधी कंस तयार होतो. कुणाचा कोण, कुठला, कधीचा. आपल्या भाषेने हे काम फार पूर्वीपासून केलेलं आहे : थोरले बाजीराव, थोरले माधवराव, सवाई माधवराव, थोरले शाहू. यातलं "थोरले" बघा. धाकटे आल्याशिवाय कुणी थोरलं होत नाही. बाजीराव १७४० मध्ये रावेरखेडीला गेले तेव्हा ते नुसते बाजीराव होते. त्यांना थोरलेपण दिलं ते नातवाने, त्यांचंच नाव घेऊन.

आकड्यांचंही तसंच. इंग्लंडची राणी एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली आणि "पहिली" झाली १९५२ मध्ये, दुसरी गादीवर आली तेव्हा. त्यावरून स्कॉटलंडमध्ये मोठी कुरबुर झाली, कारण ती पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी कधी नव्हतीच. मग ही दुसरी कशी? एडिंबरात राणीचं "दुसरी" असं चिन्ह असलेली नवी टपालपेटी लोकांनी १९५३ मध्ये स्फोट करून उडवली. पुढे तिथल्या पेट्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट आला. फ्रान्समध्ये उलटं घडलं. सोळाव्या लुईचा मुलगा १७९५ मध्ये दहा वर्षांचा असताना कैदेत मेला. राज्याभिषेक नाही, राज्य नाही. पण १८१४ मध्ये त्याचा काका गादीवर आला तो अठरावा लुई म्हणून. सतरावा आकडा त्या मुलासाठी सोडलेला आहे. सूचीत ती ओळ आली की मी क्षणभर थांबतेच.

शास्त्रज्ञांमध्ये भास्कराचार्य सगळ्यांना माहीत असतात, म्हणजे लीलावतीवाले, ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिणारे. त्यांच्या पाचशे वर्षं आधी, ६२९ मध्ये, आणखी एका भास्कराने आर्यभटीयावर भाष्य लिहिलं होतं. शिवाय ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहून शंकराचार्यांच्या मायावादाला विरोध करणारे तिसरे भास्कर आहेतच. हे तिघे वेगळे करणं अवघड नाही. ग्रंथ वेगळे, काळ वेगळा, विषय वेगळा.

खरी कसोटी लागते ती विषयही एकच असतो तेव्हा. संत नामदेव १२७० चे. त्यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. महाभारत ओवीबद्ध करणारे, शुकाख्यान लिहिणारे. दोघांचं दैवत एक, भाषा मराठी, आणि अभंगाच्या शेवटी सही एकच : "नामा म्हणे". त्यात संत नामदेवही स्वतःला कधी कधी विष्णुदास म्हणवतात. पोथ्या उतरवून घेणाऱ्यांनी एका नाम्याचे अभंग दुसऱ्याच्या गाथेत घातले, आणि त्यांना तरी दोष कसा द्यायचा? त्यांच्यासमोर सही होती. ती खोटीही नव्हती.

संतसाहित्यावरच्या एका पुस्तकाची सूची करताना या दोन नाम्यांनी माझे आठ दिवस घेतले. लेखकाने काही ठिकाणी नुसतं "नामा" लिहिलेलं. प्रत्येक ठिकाणी मागची-पुढची चार पानं वाचून ठरवायचं की हा कुठला. भाषा किती जुनी, आख्यानाचा थाट आहे की अभंगाचा, आजूबाजूला कोणत्या संतांची नावं येतात. तीन ठिकाणी मी लेखकाला फोन केला. एका ठिकाणी ते म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं, मी स्वतःच चुकलोय." त्यांनी ते वाक्य बदललं. माझ्या कामात यापेक्षा मोठं समाधान मला मिळालेलं नाही.

विष्णुदास नाम्यांचं नुकसान उघड आहे. त्यांची चांगली रचना मोठ्या नामदेवांच्या खात्यात गेली. पण एका नावामुळे दुसऱ्याचा दोष अंगाला चिकटतो, ते याहून वाईट. मरीया मग्दालीयेचं तसं झालं. बायबलच्या नव्या करारात मरीया नावाच्या बऱ्याच बायका आहेत. त्या काळी त्या मुलखात ते नाव फार चालायचं. म्हणूनच तिला मग्दाला गावावरून मग्दालीया म्हटलेलं आहे. हा तिचा कंसच. येशूच्या रिकाम्या कबरीपाशी पहिल्यांदा गेली ती ही. दुसरी बेथानीची मरीया, मार्था आणि लाजरसची बहीण. आणि लूकच्या सातव्या अध्यायात एक पापी बाई येते, येशूचे पाय आसवांनी भिजवणारी. तिला तर नावच दिलेलं नाही. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ मध्ये एका प्रवचनात या तिघी एकच, असं सांगून टाकलं.

पुढची जवळजवळ चौदाशे वर्षं पश्चिमेकडच्या चित्रांत, प्रवचनांत, लोकांच्या बोलण्यात मग्दालीया म्हणजे पश्चात्ताप करणारी पतित बाई. पूर्वेकडच्या चर्चने तिघींना कायम वेगळंच ठेवलं होतं. रोमने आपल्या पंचांगात ही सरमिसळ काढली ती १९६९ मध्ये. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण सूची करणारी म्हणून सांगते, तीन कार्डं एकत्र टाचण्यापूर्वी ग्रेगरींनी फक्त एवढंच बघायला हवं होतं की तिसऱ्या कार्डावर नावच नाही.

एकत्र झालेली माणसं पुन्हा सुटी करणाऱ्यालाही कधी कधी फार सोसावं लागतं. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात (डेनिस हे डायोनिसियसचंच फ्रेंच रूप) मानत, की आपला संत म्हणजे संत पौलाच्या प्रवचनाने ख्रिस्ती झालेला अथेन्सचा डायोनिसियस. नवव्या शतकात तिथल्या हिल्दुइन नावाच्या मठाधिपतीने तसं चरित्रच लिहिलं, आणि त्याच नावाने कुणीतरी सन ५०० च्या आसपास लिहिलेले ग्रीक ग्रंथही संताच्या नावावर चढवले. तीन काळांची तीन माणसं. बाराव्या शतकात त्याच मठात राहणाऱ्या आबेलार या तत्त्वज्ञाने बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकार साधूच्या ग्रंथाचा दाखला दाखवला, की तो डायोनिसियस करिंथचा बिशप होता, अथेन्सचा नव्हे. साधू असे खवळले की आबेलारला रातोरात मठ सोडून पळावं लागलं. मी तर फक्त लेखकांना फोन करते.

जिवंत माणसांनी आपसात सोडवलेला एक प्रसंग मला फार आवडतो. १८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक होते. अमेरिकेतले तीन वर्षांनी मोठे आणि त्या घडीला कादंबरीकार म्हणून जास्त प्रसिद्ध. इंग्लंडमधल्या धाकट्या चर्चिलने त्यांना अगदी अदबीने पत्र लिहिलं, की घोटाळा टाळण्यासाठी मी यापुढे पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल असं नाव लावीन. थोरल्यांनी तितक्याच अदबीने कळवलं, की मला मधलं नाव नाही, असतं तर मीच लावलं असतं. दोघांनी एकमेकांना जागा करून दिली. कंस ज्याने स्वतःहून घेतला तो पुढे पंतप्रधान झाला, आणि आज नुसतं "चर्चिल" म्हटलं की तोच. अमेरिकन चर्चिल १९४७ मध्ये गेले. आता कंस त्यांना लागतो.

गेल्या वर्षी रोमच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक हातात आलं आणि पहिल्या शंभर पानांतच माझ्यापुढे जूलिया उभ्या राहिल्या. रोमन उमरावांत मुलीला वेगळं नाव ठेवायची पद्धतच नव्हती. कुळाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप तेच तिचं नाव. जूलियस कुळातली प्रत्येक मुलगी जूलिया. दोन असल्या तर थोरली नि धाकटी. सीझरची आत्या जूलिया, सेनापती मारियसची बायको. इ.स.पू. ६९ मध्ये ती गेली तेव्हा सीझरने भर चौकात तिच्यावर भाषण केलं. सीझरची मुलगी जूलिया, पाँपीची बायको, इ.स.पू. ५४ मध्ये बाळंतपणात गेली. ऑगस्टसची मुलगी जूलिया, व्यभिचाराच्या आरोपावरून बापानेच बेटावर हद्दपार केलेली. तिची मुलगीही जूलिया, आणि नऊ वर्षांनी त्याच आरोपावरून तिलाही त्याच आजोबाने हद्दपार केलेलं. या मायलेकींची पृष्ठसंख्या वेगळी करताना मी दर वेळी वर्ष तपासत होते. इ.स.पू. २ असेल तर आई, इ.स. ८ असेल तर मुलगी.

त्यांच्या घरातल्या पुरुषांनाही नावं मोजकीच होती, पण बापाचं, कुळाचं, शाखेचं अशी दोन-तीन जोडून काम चालायचं. बायकांना जोडायला नवरा नाहीतर बाप. मी कंस लिहीत गेले : (मारियसची पत्नी), (पाँपीची पत्नी), (ऑगस्टसची मुलगी), (ऑगस्टसची नात). लिहिताना हात जड होत होता. पण त्या कंसाशिवाय या चौघी एक झाल्या असत्या, म्हणून लिहिले.

मग पान २१६ आलं. इ.स.पू. ६२ मध्ये सीझरच्या घरी फक्त बायकांची पूजा चालू असताना क्लोडियस नावाचा एक तरुण उमराव बाईच्या वेषात आत शिरला. पुढच्या वर्षी त्याच्यावर खटला चालला आणि सीझरची आई ऑरेलिया व बहीण जूलिया यांनी साक्ष दिली. सीझरला बहिणी दोन. दोन्ही जूलिया. धाकटी म्हणजे ऑगस्टसची आजी. थोरलीची माहिती अगदी थोडी. साक्षीला कोण उभी राहिली, ते सीझरचं चरित्र लिहिणाऱ्या सुएटोनियसने सांगितलेलं नाही. त्याने फक्त "बहीण जूलिया" म्हटलंय.

नेहमीप्रमाणे धाकटीच्या कार्डावर २१६ टाकून मोकळं होता आलं असतं. तिच्याकडे नातू आहे, लोक तिलाच शोधणार. मी दोन्ही कार्डं समोर ठेवून बराच वेळ बसले. मग तिसरं कार्ड घेतलं आणि लिहिलं : जूलिया (सीझरची बहीण, दोघींपैकी एक), २१६. खाली दोघींच्या नोंदींकडे "पाहा" असं लिहून ते कार्ड त्या दोघींच्या मध्ये लावलं. प्रूफं आली तेव्हा संपादकांनी त्या ओळीपाशी प्रश्नचिन्ह काढून विचारलं होतं, की ही नोंद खरंच हवी का. मी समासात लिहून पाठवलं, हवी.