२^६७ − १ चे अवयव: कामाची नोंद

संख्या: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. अंक २१, बायनरीत सलग ६७ एक. फ्रेंच गणिती मर्सेनच्या १६४४ च्या यादीत ही मूळ संख्या म्हणून होती. लुकासने १८७६ मध्ये ती संयुक्त ठरवली, पण अवयव १९०३ मध्ये कोलने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. उत्तर माहीत आहे. तपासायच्या आहेत त्या पद्धती.

फर्माची कसोटी (पायाचा संख्या वजा १ एवढा घात त्या संख्येने भागून बाकी १ आली तर संख्या मूळ असावी) पाया २ वर लावली की "मूळ असावी" असं उत्तर येतं. तिचंच कडक रूप असलेली मिलर-राबिनही पाया २ वर तेच सांगते. बिघाड कोडमध्ये शोधू नका. २^६७ ला या संख्येने भागलं की बाकी १ उरते, आणि २^६६ − १ ला (म्हणजे संख्या वजा १ च्या निम्म्याला) ६७ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे पाया २ इथे आंधळाच. निकाल लुकास-लेमर कसोटीने लावावा: ४ पासून सुरुवात, ६५ वेळा वर्ग करून २ वजा, आणि दर वेळी या संख्येने भागून बाकीच पुढे न्यायची. शेवटची बाकी शून्य नाही, म्हणजे संयुक्त.

थेट भागाकार: प्रत्येक मूळ अवयव १३४क + १ या रूपातच असतो, आणि क ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च हवी. लहान अवयव क = १४४५५८० ला सापडतो. ३, ५, ७ ने भाग जाणारे उमेदवार आधीच गाळले तर तिथवर सुमारे ३ लाख ३० हजार उरतात. प्रत्येकासाठी २^६७ ची बाकी (१ आली तर तो अवयव) काढायला सहाच वर्ग लागतात आणि सगळं ६४ बिटांत मावतं. साधी, भरवशाची पद्धत.

पोलार्डची "पी वजा १" ही अवयव शोधायची पद्धत मात्र इथे फारच चपखल बसते. अवयवातून १ वजा करून उरलेल्या संख्येचे मूळ भाजक लहान असले की ती चालते, आणि लहान अवयवासाठी

१९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७

पहिली मर्यादा (सगळ्या मूळ भाजकांसाठी) १००, दुसरी (उरलेल्या एकाच मोठ्या भाजकासाठी) २७०० एवढं पुरतं. घातांकात प्रत्येक मूळ संख्येचा १०० च्या आत बसणारा सर्वांत मोठा घात घ्या (६४, ८१, २५, ४९...). नुसते २, ३, ५ गुणत गेलात तर ३^३ निसटू शकतो. पाया ३ ठेवा. पाया २ ठेवला तर घातांकात ६७ असल्यामुळे मसावि म्हणून अख्खी संख्याच परत मिळते. हा पुन्हा तोच आंधळेपणा. मोठा अवयव या मर्यादांत अडकत नाही: त्यातून १ वजा करून ६७, २९, ९, २ बाजूला काढले की २१७८२९८९ उरतात, आणि त्याला १०० च्या आतला एकही मूळ भाजक नाही.

कोडमध्ये संख्या फ्लोटिंग-पॉइंट (अंदाजे किंमत ठेवणाऱ्या) प्रकारात ठेवू नका. ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट प्रकारात ती गुपचूप २^६७ होते, म्हणजे चक्क सम! १२८ बिटांचा पूर्णांकही गुणाकाराला अपुरा, कारण वर्ग १३४ बिटांपर्यंत जातो. वर्गाचे खालचे ६७ बिट अधिक वरचे उरलेले बिट, अशी बेरीज केली की भागाकाराशिवाय बाकी मिळते.

उतरवलेले अंक ११ ने पडताळा: अवयवांच्या बाक्या ९ आणि ८, गुणाकार ७२, बाकी ६; २^६७ − १ चीही ६. शेजारचे दोन अंक उलटे पडले तर ९ ची कसोटी ते पकडत नाही, ११ ची पकडते.

पुढे २^७१ − १. तिथे उमेदवार १४२क + १, आणि क = १६०९ लाच २२८४७९ हाती लागतो; पोलार्डची गरजच नाही.