बाईंचा माऊस जिथे थांबला

आमच्या वेब-पानावर ‘फॅक्टरी’ आणि ‘सिसअपग्रेड’ अशी दोन निळी बटणं. बाईंचा माऊस पहिल्यावर गेला, तिथून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले होते आणि काही झालं तरी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मिनिटभराने त्या म्हणाल्या, "फॅक्टरी म्हणजे कारखान्यात करायचं असणार. आपण तर शाळेत करतोय, म्हणजे हे दुसरं." आणि त्यांनी ‘सिसअपग्रेड’ दाबलं.

त्यांनी पानावरचे शब्द वाचून विचार केला होता आणि त्या शब्दांवरून तोच निष्कर्ष निघत होता. ते शब्द मी लिहिले होते.

आमचा चौघांचा गट आहे, नाशिक जिल्ह्यातला. लोकांच्या घरी पडून असलेले जुने राउटर आम्ही गोळा करतो, त्यांत ओपनडब्ल्यूआरटी टाकतो आणि शाळांना, वाचनालयांना देतो. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, खुला झाला, त्यातून २००४ साली हा प्रकल्प सुरू झाला. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ तिथलंच. कंपनीने अपडेट देणं थांबवलं तरी अनेक राउटर याच्यावर पुढे कितीतरी वर्षं चालतात. त्याचं ‘इमेज बिल्डर’ नावाचं एक अवजार आहे. आधीच तयार असलेले सॉफ्टवेअरचे तुकडे, म्हणजे पॅकेजेस, ते हवे तसे एकत्र करून फाइल बनवून देतं. सगळं पहिल्यापासून कंपाइल, म्हणजे मूळ कोडपासून नव्याने तयार, करावं लागत नाही, त्यामुळे काम काही मिनिटांत होतं. आमच्या गटातल्या मित्राने त्याच्यावर एक वेब-पान उभं केलं: मॉडेल निवडा, काय हवं ते सांगा, फाइल घ्या. मराठी मजकूर माझ्याकडे होता. पान तयार झालं तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं. पण दर आठवड्याला फोन येत राहिले आणि शेवटी प्रत्येक राउटर आम्हीच करून देऊ लागलो.

म्हणून गेल्या पावसाळ्यात लोकांना पानासमोर बसवायचं ठरवलं. वेबच्या वापरसुलभतेवर काम करणाऱ्या जेकब निल्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय की मोठ्या चाचणीची गरज नाही, पाच माणसं पाहिली की बहुतेक अडचणी दिसतात. दुसरी पद्धतही त्या क्षेत्रातली जुनीच: वापरणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, बघणाऱ्याने गप्प बसायचं. आम्ही पाच जण निवडले. जिल्हा परिषद शाळेतल्या बाई, एका ग्रामवाचनालयातले काका, केबल जोडणीचं काम करणारा एक मुलगा, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या एक ताई आणि अकरावीतली एक मुलगी. बाई पहिल्या होत्या.

गप्प बसणं किती अवघड असतं हे त्या दिवशी कळलं. जिभेच्या टोकावर "बाई, पहिलं बटण" हे शब्द होते. ते उच्चारले असते तर बाईंचं काम झालं असतं आणि पान होतं तसंच राहिलं असतं.

दोन बटणांचा अर्थ असा आहे. राउटरवर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर असेल आणि पहिल्यांदाच बदलायचं असेल तर ‘फॅक्टरी’ फाइल लागते. ओपनडब्ल्यूआरटी आधीच असेल आणि नवी आवृत्ती टाकायची असेल तर ‘सिसअपग्रेड’. बाईंच्या राउटरवर मूळ सॉफ्टवेअर होतं. त्याने ती फाइल नाकारली म्हणून निभावलं. दरवेळी असं निभावत नाही. चुकीच्या मॉडेलची फाइल आत गेली तर राउटर सुरूच होत नाही. मग टीएफटीपी या नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या पद्धतीने फाइल ढकलायची किंवा डबा उघडून आतल्या टोकांना वायरी जोडायच्या, आणि हे शाळेत कोण करणार?

आता त्या जागी एक प्रश्न आहे: "या राउटरवर आत्ता काय आहे?" उत्तरं दोन: "कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, दुकानातून आणलं तसंच" आणि "ओपनडब्ल्यूआरटी आधीपासून आहे". खाली एक ओळ, की राउटरचं सेटिंगचं पान उघडून वर कुणाचं नाव दिसतं ते बघा. उत्तर दिलं की पान स्वतःच योग्य फाइल निवडतं आणि एकच बटण दाखवतं. मित्राला हे पटायला वेळ लागला. जाणकार माणसाला फाइलचं खरं नाव दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. बटणाखाली बारीक अक्षरांत पूर्ण नाव दिलंय.

सगळ्यात जास्त लागला तो ‘सानुकूलित करा’ हा शब्द. ‘कस्टमाइझ’साठी संगणकाच्या मराठीत तो रूढ आहे म्हणून मी विचार न करता वापरला होता. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "सानुकूल म्हणजे आपल्याला अनुकूल झालंय. मग इथे काही करायला नको." आणि तो अख्खा भाग सोडून खाली गेल्या. पानाचं मुख्य कामच तिथे होतं. त्यांना मराठी येत होती म्हणून त्या चुकल्या, हे मला फार बोचलं. ‘अनुकूल’ शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्याचा जो अर्थ आहे तोच त्यांनी घेतला.

त्या भागाचं शीर्षक आता "राउटरमध्ये काय काय हवं?" असं आहे. आधी तिथे पॅकेजेसची इंग्रजी नावं टाइप करायची एक मोठी चौकट होती. आता खुणा करायच्या ओळी आहेत. "राउटरचं सेटिंग मराठीत दिसावं." "रात्री वाय-फाय आपोआप बंद व्हावं." "जाहिराती अडवाव्यात." "कुणी किती नेट वापरलं ते कळावं." प्रत्येक ओळीमागे एक-दोन खरी पॅकेजेस आहेत. मूळ चौकटही ठेवलीय, पण शेवटी आणि मिटलेली.

चौकट मिटून ठेवण्यामागे केबलवाल्या मुलाचा अनुभव होता. पॅकेजच्या नावाआधी उणे चिन्ह लावलं की ते पॅकेज वगळलं जातं, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. जागा वाचवायला त्याने ‘पीपीपी’ नावाची दोन पॅकेजेस काढून टाकली. राउटर छान चालू झाला, नेट मात्र येईना. त्या गावची जोडणी पीपीपीओई पद्धतीची होती, म्हणजे राउटरने युजरनेम-पासवर्ड देऊन लाईन उचलायची, आणि ते काम करणारी पॅकेजेस तीच. आता पान विचारतं, "नेट चालू करायला युजरनेम आणि पासवर्ड लागतो का?" ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ म्हटलं की ती पॅकेजेस काढता येत नाहीत.

काही चुकलं की पान ज्या सूचना दाखवतं, त्यांचं तर पूर्ण खातंच बदलावं लागलं. "त्रुटी: प्रतिमा खूप मोठी आहे." हिशेबवाल्या ताई गोंधळल्या, "पण मी फोटो टाकलाच नाही." इथे ‘इमेज’ म्हणजे राउटरच्या मेमरीत जशीच्या तशी उतरवायची फाइल, मी शब्दकोशातून ‘प्रतिमा’ उचलली होती. काही राउटरमध्ये सगळी मिळून ८ एमबीच जागा असते, तिथे हे हमखास होतं. आता वाक्य असं आहे: "निवडलेल्या सगळ्या गोष्टी या राउटरमध्ये मावत नाहीत. एखादी खूण काढा आणि पुन्हा बघा." ‘मावणे’ हा शब्द सुचला त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. डब्यात काय मावतं हे प्रत्येक घरात कळतं.

‘रद्द करा’चा घोळ मात्र मला आधीच दिसायला हवा होता. फाइल तयार होत असताना मध्येच थांबवायचं असेल तर पान विचारायचं, "बिल्ड रद्द करायचं?" आणि खाली दोन बटणं: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. रद्द करायचं असेल तर माणूस ‘रद्द करा’च दाबणार. ते दाबल्यावर प्रश्नाची चौकट रद्द व्हायची आणि बिल्ड चालूच राहायचं. अकरावीतल्या मुलीने तीनदा दाबलं. आता बटणांवर क्रियाच लिहिल्या आहेत: ‘थांबवा’ आणि ‘चालू राहू द्या’. ‘बिल्ड’ला मी आधी ‘बांधणी’ म्हणून पाहिलं होतं, पण वाचनालयातल्या काकांना पुस्तकांची बांधणी आठवली. मग तो शब्दच काढला. "तुमची फाइल तयार होते आहे" एवढं पुरतं.

काकांबरोबरची दुपार मी विसरणार नाही. ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर वाय-फाय सहसा बंद असतं. सुरुवातीला पासवर्डच ठरलेला नसतो, मग उघडं जाळं कसं सोडणार? पण फोनमध्ये नाव दिसलं नाही की लोक समजतात राउटर मेला. म्हणून आम्ही पानावरच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड विचारून घेतो आणि राउटर पहिल्यांदा सुरू होताना एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, ते लिहून देतो. काकांनी नाव दिलं, ‘ग्रामवाचनालय’. पान म्हणालं, "नाव ३२ अक्षरांपेक्षा मोठं आहे." काकांनी बोटांवर मोजलं. ग्रा, म, वा, च, ना, ल, य. सात. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, माझंच काही चुकतंय का?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. वाय-फायच्या नावाची मर्यादा ३२ बाइटची असते; बाइट म्हणजे संगणकातली जागा मोजायचं माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘ग्रामवाचनालय’मध्ये अशी १२ चिन्हं आहेत, म्हणजे ३६ बाइट. मित्राने मर्यादा बरोबर तपासली होती, मी सूचनेत ‘अक्षरं’ लिहून तिची थाप केली होती. चाळीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला सात आकडा मोजता येत नाही असं माझ्या वाक्याने त्यांना वाटायला लावलं. त्या रात्री आम्ही बाइटचा उल्लेखच काढला आणि नावाच्या चौकटीखाली एक पट्टी दिली, टाइप करत जाल तशी भरत जाणारी. भरली की शेजारी दिसतं: "मराठी नावाला जास्त जागा लागते. थोडं छोटं नाव द्या." काकांनी ‘वाचनालय’ ठेवलं. ते २१ बाइटमध्ये बसतं.

पासवर्डचंही तसंच. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीला किमान ८ अक्षरं लागतात आणि ती साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हंच असावी लागतात. आधीची सूचना होती "अवैध मूल्य". ती वाचून कुणाला काय करायचं ते कळणार?

मॉडेलच्या पायरीवर ‘हार्डवेअर आवृत्ती’ असं लिहिलेलं होतं, ते पाच जणांपैकी कुणालाच उमगलं नाही. आणि ती पायरी जिवावरची आहे. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ चंच बघा: दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप, तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची. नाव एकच, फाइल पूर्ण वेगळी. आता तिथे चित्र आहे आणि मजकूर: "राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर व्ही-ई-आर या अक्षरांपुढचा आकडा इथे लिहा." राउटर, फाइल, पासवर्ड हे शब्द मी तसेच ठेवले, ते आता लोकांचेच आहेत. क्रियापदं मात्र घरातली आणली: उलटा करा, लावा, काढा, थांबा, बघा.

शेवटची गोष्ट लाल रंगातल्या ओळीची. "चेतावणी: प्रक्रियेदरम्यान वीजपुरवठा खंडित करू नये." ‘चेतावणी’ हिंदीतून माझ्या हाताला चिकटलेली. पण त्याहून मोठी चूक पुढे होती. बाई म्हणाल्या, "मी कशाला वीज खंडित करीन? ती आपली आपण जाते." फाइल राउटरमध्ये लिहिली जात असताना लाईट गेली तर राउटर अर्धवट लिहिलेला राहतो, आणि आमच्याकडे पावसात लाईट जाणं नवं नाही. ओळ पानाच्या तळाशी होती, डाउनलोडच्या बटणाखाली, म्हणजे वाचेपर्यंत उशीर झालेला. ती बटणाच्या वर आणली: "पाऊस-वारा असेल, लाईट जाण्यासारखी असेल तर आज थांबा. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्यावर लावा. काम सुरू झाल्यावर वायर काढू नका."

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाई पुन्हा आल्या, शाळेचा दुसरा राउटर घेऊन. मी परत मागे बसले. त्यांनी राउटर उलटा केला, चष्मा वर करून आकडा वाचला. प्रश्नांची उत्तरं दिली. लाल ओळीपाशी थांबल्या, उठून कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरचा दिवा बघून आल्या, मग बटण दाबलं. फाइल राउटरमध्ये गेली, पुढचा दिवा लुकलुकायला लागला. त्या दिव्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं हे कुठे कळतं?"

पानाला ते कळत नाही, कारण हा टप्पा राउटरच्या आत चालतो. दिव्यावरून ओळखावं लागतं आणि प्रत्येक मॉडेलचा दिवा वेगळं वागतो. केबलवाला मुलगा आता त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक राउटरच्या दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवतो. सात मॉडेलं झाली आहेत. प्रत्येकासाठी एक-एक ओळ लिहितेय, आणि पाठवण्याआधी बाईंना फोनवर वाचून दाखवते.