तुम्ही विचारलंत म्हणून : शिट्टी व्हायच्या आधी

बागेतल्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर बँकेच्या रांगेतसुद्धा मला हा प्रश्न आला. "तुमच्या नातवाला ते आवाजाचं, कपड्यांचं काहीतरी आहे ना हो? मग घरच्यांनी नेमकं करायचं काय?" विचारणारीच्या घरात बहुतेक वेळा असंच एखादं लेकरू असतं, हे मला आता तिच्या आवाजावरूनच कळतं. पंगतीत हात धुता धुता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं मी प्राथमिक शिक्षिका होते. मुलांमधलं आपल्याला सगळं कळतं, हा माज तिथलाच. निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे आलो तेव्हा नातू तीन वर्षांचा होता. कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली. मोज्याची शिवण बोटांना लागते म्हणून बालवाडीच्या दारात लोळण. वरण-भात वेगवेगळा वाढला तर खायचा, कालवलेला दिसला की ओकारी. मी सुनेला म्हणाले, "लाड आहेत. एक दिवस उपाशी ठेव, मुकाट्याने खाईल." ती काही बोलली नाही, पातेलं घासत राहिली. घरात मोठी मी, त्यामुळे तेही करून पाहिलं. तो उपाशी झोपला, आणि सकाळी उठल्यावर माझ्या हातून पाणीसुद्धा घेईना.

पुढे बालविकासतज्ज्ञांनी तपासलं. स्वमग्नता (ऑटिझम) नाही म्हणाले, आणि ओटीकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार) पाठवलं. पहिल्याच दिवशी तिथल्या ताईंनी मला विचारलं, "मावशी, चपलेत बारीक खडा गेला तर काय करता?" म्हटलं, "काढून टाकते." त्या म्हणाल्या, "मोज्याची शिवण म्हणजे त्याच्या बोटांखालचा खडा आहे. दिवसभर. आणि सगळे त्याला सांगतायत, खडा नाहीच आहे."

त्यांनी समजावलं ते असं. आपण पंचेंद्रियं म्हणतो, पण शरीराला आणखीही खबरी असतात. स्नायू-सांधे आपला हातपाय कुठे आहे ते सांगतात, आतला कान तोल सांभाळतो, पोट भूक कळवतं. या सगळ्या बातम्यांची मेंदूत नीट वर्गवारी व्हावी लागते. काही मुलांना बातमी फार मोठ्याने येते, काहींना इतकी हळू की ती मुलं सारखी उड्या मारून, धडकून ती मिळवत राहतात. कॅलिफोर्नियातल्या जीन आयर्स या ओटीबाईंनी १९७२ च्या पुस्तकात हा विचार मांडला, त्याला 'सेन्सरी इंटिग्रेशन', म्हणजे संवेदनांचा मेळ, म्हणतात. (आपल्याकडे हा पेशा आणला कमला निंबकरांनी, १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, तिच्याबद्दल मी शिक्षिका असताना कितीदा ऐकलं होतं. बाई काय करायच्या ते मात्र नातवामुळे कळलं.)

घरी येताना रिक्षात मला तिसरीतला एक मुलगा आठवला. सारखा भिंतीला रेलायचा, बाकावरून पडायचा, दुसऱ्यांच्या अंगावर जायचा. मी त्याला वर्षभर उभं केलं होतं.

असो. घरच्यांनी काय करायचं? माझं उत्तर एका वाक्यात मावतं : आधी सांगा. आमच्याकडे सकाळी साडेनऊला कुकर लागतो. गॅस पेटवला की मी हाक मारते, "सोन्या, कुकर लावला. तीन शिट्ट्या." तो आतल्या खोलीत जातो, दार लावतो, कानांवर हात ठेवून मोजतो. तिसरी झाली की बाहेर येऊन मलाच सांगतो, "संपल्या." पहिला महिना तो रडत मोजायचा. आता कधीकधी दार लावायचं विसरतो. शिट्टीचा आवाज काही कमी झालेला नाही. ती कधी येणार आणि कितीदा येणार, एवढंच त्याला माहीत असतं. तेच केस कापण्याचं. न्हावीदादा घरी येतात, मशीन आधी त्याच्या हातात देतात, मगच मानेला लावतात. गणपतीत मंडळाच्या पोरांना विचारून ठेवतो ताशा आपल्या गल्लीत किती वाजता येणार, आणि तेवढा वेळ कानांवर हेडफोन चढवून तो मागच्या खोलीत बसतो. मोजे उलटे घालतो, शिवण बाहेर. लोक बघतात. बघू देत.

शाळेतून आला की आमचे हे गोधडी अंथरतात. तो आडवा पडतो, डोकं बाहेर ठेवून ते त्याची सुरळी करतात आणि वरून तळव्यांनी दाबत जातात. "आजोबा, अजून जोरात!" हलका हात लागला की अंग चोरणारा हाच मुलगा. हलका स्पर्श अशा बऱ्याच मुलांना टोचतो, दाब मात्र शांत करतो. कणीक मळणं, भरलेली बादली उचलणं याचाही त्याला तसाच उपयोग होतो. यावरून 'बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं कुणी म्हणू नका. पूर्वी गोधडी होती तशी पाठीत बसणारी छडीही होती, आणि ती माझ्यासारख्यांच्याच हातात होती.

आता सुनेबद्दल, कारण प्रश्नात ती नसते. थेरपीच्या खोलीबाहेर एक बाक आहे. त्यावर आया बसतात, बाप मला क्वचितच दिसले. कुठल्या दुकानात बिनशिवणीचे मोजे मिळतात, कुठला दातांचा डॉक्टर घाई करत नाही, हे सगळं त्या बाकावर कळतं. पण तिथल्या बायकांना थकवा मुलाचा नसतो. प्रत्येक समारंभात नव्याने पुरावा द्यावा लागतो, त्याचा असतो. म्हणून घरात मी एक काम मागून घेतलं. लग्नात "आत्याला पापी दे" म्हणत ओढणाऱ्यांना अडवायचं. सून बोलली तर उद्धट ठरते, मी बोलले तर वयाचा मान. आणि रविवारी सकाळचे तीन तास आम्ही दोघं त्याला घेऊन जातो, ती झोपते.

कागदांचं मात्र अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण संवेदनांच्या नुसत्या या त्रासाला तिथे जागा नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकातही तो स्वमग्नतेच्या लक्षणांत येतो, वेगळं निदान म्हणून नाही. आमच्या पहिल्या शाळेने म्हणूनच हात वर केले : प्रमाणपत्र नाही, तर सवलत नाही. दुसऱ्या शाळेत ओटीताईंचं पत्र नेलं. मागण्या दोनच होत्या, बसायची जागा घंटेपासून लांब, आणि घंटेआधी दोन मिनिटं बाईंनी त्याला खूण करायची. एवढं द्यायला त्यांना कुठलंच प्रमाणपत्र लागलं नाही. खासगी थेरपी परवडत नसेल तर जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला डीईआयसी म्हणतात, तिथे जाऊन विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती सोय आहे.

आणि थेरपीने मूल 'पूर्ण बरं' करून देतो म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहा. या उपचारांचा पुरावा अजून मर्यादितच आहे, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या ताईंनी स्वतःच वहीत लिहून घेतलं होतं, तीन महिन्यांत काय बदललेलं दिसायला हवं. आम्ही लिहिलं : मोजे घालताना रडणं, आणि केस कापणं. मोज्यांचं जमलं. केसांना वर्ष लागलं.

गेल्या आठवड्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका होते. दोन वर्षांपूर्वी याच्या किंचाळण्याची सोसायटीत तक्रार करणारे तेच. म्हणाले, "वहिनी, उद्या अकरा वाजता भिंतीला ड्रिल मारायचंय. चालेल ना?"

मी म्हटलं, "सव्वाअकराला मारा. अकराला त्याची शाळेची गाडी येते."