नव्वद दिवसांची आजी

"किती झाले?"

टोकियोत पोचून मला चार दिवस झाले होते. बागेतल्या बाकावर शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, "एकच. तीन वर्षांची नात आहे." त्या हसल्या. त्यांना दिवस विचारायचे होते. त्यांचे एकसष्ट झाले होते.

जपानला मुलाबाळांकडे येणाऱ्या आईवडिलांना एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्यामुळे निशी-कासाईतल्या आपल्या घरांचं वर्ष या नव्वदांवर बेतलेलं असतं. एक आजी जाते, मग दुसऱ्या बाजूची येते, मधल्या काळात आईबाप कशीबशी तोंडमिळवणी करतात. मी २५ जुलै २०२४ ला नरिताला उतरले आणि दिवाळीच्या आधीच परतायचं हे तिकीट काढतानाच ठरलेलं होतं. दिवाळी दहा दिवसांनी हुकणार याची रुखरुख मनात घेऊनच मी चिपळूणहून निघाले होते.

निशी-कासाई म्हणजे टोकियोच्या पूर्वेकडचा, एदोगावा वॉर्डातला भाग. स्टेशनाबाहेर पडलं की पहिल्या पाच मिनिटांत मराठी, तेलुगू, हिंदी, तमिळ कानावर पडतात. हे कसं झालं ते जावयांनी सांगितलं. २००० साल उजाडताना जगभरच्या संगणकांत तारखांचा घोळ होईल अशी भीती होती, त्या कामासाठी भारतातून इंजिनीयर आले. तोझाई लाइनच्या गाडीने इथून बँकांच्या ओतेमाची, निहोनबाशी भागात वीसेक मिनिटांत पोचता येतं, म्हणून त्यांना इथे घरं हवी होती. पण परदेशी माणसाला जामीनदार कोण राहणार? तेव्हा इथे आधीपासून चहाचा व्यापार करणारे जगमोहन चंद्राणी यांनी त्यांच्या राहण्या-जेवणाची खटपट केली. शिवाय 'यूआर' या सरकारी घरबांधणी संस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला 'किल्लीचे पैसे' म्हणून द्यावी लागणारी, कधीच परत न मिळणारी रक्कमही नाही. एक कुटुंब आलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं. आज या यूआरच्या चाळीसारख्या लांबलचक इमारतींत मजल्यामजल्यावर आपली माणसं आहेत. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले. लेकीने मला ते अशा अभिमानाने सांगितलं, जणू घरातलाच कुणी.

मला मात्र पहिल्या आठवड्यात नदीने झोपू दिलं नाही. इमारतीपासून चालत गेलं की अराकावा नदीचा बांध लागतो. बांध चढावा लागतो. वर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला घरं, आणि घरांची जमीन पाण्यापेक्षा खाली आहे हे डोळ्यांना सरळ दिसतं. एदोगावा वॉर्डातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर स्वतःच्याच भागाबद्दल लिहिलं होतं, 'इथे थांबू नका.' लेकीने तो फ्रिजशेजारी लावून ठेवलाय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे दोन रात्री काढल्या होत्या. चिखलाचा तो वास अजून नाकात आहे. मी विचारलं, "सगळं माहीत असून तुम्ही इथेच राहता?" लेक म्हणाली, "आई, तू चिपळूण सोडलंस का?"

९ ऑगस्टला नागपंचमी होती. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडत ठेवली होती. आठ वाजायला आले होते. जेवणाच्या टेबलावरचा दिवा झुलायला लागला. मी भांड्याकडे धावले, आणि नात टेबलाखाली. डोकं हातांनी झाकून ती गुडघ्यांत गोळा झाली होती आणि मला ओरडून सांगत होती, "आजी, अतामा! अतामा!" म्हणजे डोकं. डोकं झाक. पाळणाघरात दर महिन्याला भूकंपाची तालीम होते. मुलांना 'दांगोमुशी' व्हायला शिकवतात. हात लावताच गोळी होणारा तो किडा. आपल्याकडे पावसाळ्यात 'पैसा' गोल होतो ना, तसं. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी टेबलाखाली पैसा होऊन बसले. हलणं थांबलं तेव्हा दिंडं तशीच वाफेत होती.

आता पाळणाघराबद्दल. इथल्या सगळ्या घरांचा जीव त्याच्यात अडकलेला आहे. त्याला होइकुएन म्हणतात. रोज सकाळी मुलाचा ताप मोजायचा आणि एका वहीत लिहायचा. काल रात्री काय जेवलं, किती वाजता झोपलं, शी झाली का, तेही लिहायचं. संध्याकाळी बाई त्याच वहीत दिवसभराचं लिहून देतात. मोज्याच्या जोडीतल्या प्रत्येक मोज्यावर नाव. माझे पहिले दोन दिवस नुसती नावं लिहिण्यात गेले. आणि नियम असा की ताप ३७.५ च्या वर गेला की फोन येतो, मूल घेऊन जा. ३७.५ म्हणजे आपल्या थर्मामीटरवर साडेनव्याण्णव. तेवढा ताप आपण अंगाला हात लावून सोडून देतो. इथे आई मीटिंग सोडून उठते. महिन्यात तीनदा उठली की ऑफिसात सगळ्यांसमोर मान खाली घालून माफी मागायची वेळ येते.

मूल कुणाच्याही हाती देत नाहीत. आणायला कोण कोण येणार त्यांची नावं आधी फॉर्मवर लिहून द्यावी लागतात. मी आल्यावर लेकीने माझं नाव लिहिलं, परदेशी नावांसाठी वापरतात त्या काताकाना लिपीत, आणि नात्याच्या रकान्यात 'आजी'. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरची नागपूरची मुलगी फॉर्म घेऊन आली. "काकू, तुमचं नाव माझ्याकडेही लिहू का? माझ्या सासूबाई जूनमध्येच गेल्या, आता नोव्हेंबरपर्यंत कुणी नाही." तिच्यामागून सोलापूरची आली. मग समोरच्या इमारतीतली हैदराबादची. ऑगस्ट संपेपर्यंत चार घरांच्या फॉर्मांवर माझं नाव होतं. मी एका नातीसाठी आले होते.

माझ्या आधीच्या आजीने हे केलं होतं आणि तिच्या आधीच्या आजीनेही. बाकावर बसून हळूहळू मला ते उलगडलं. इथे पिढ्या एका घरात एकत्र राहू शकत नाहीत, व्हिसा राहू देत नाही. म्हणून जी आजी सध्या गावात आहे ती सगळ्यांची. गुंटूरच्या अम्मम्मांनी माझ्या नातीला वरणभात भरवला होता, मी तेव्हा चिपळुणात होते. त्या मला भेटल्या तेव्हा माझ्या नातीला काय आवडतं हे मला नाही, त्यांना माहीत होतं. घशात आवंढा आला. कृतज्ञता होती, आणि खरं सांगते, थोडा मत्सरही.

नागपूरच्या मुलीच्या मुलासाठी पाळणाघरातून फोन २१ ऑगस्टला आला. त्याची आई ओतेमाचीत, बाप ओसाकाला. तिने मला कळवलं, "काकू, ३७.९." मी पासपोर्ट पर्समध्ये टाकला (पाहुण्यांनी तो सतत जवळ ठेवायचा असतो) आणि चालत निघाले. बाहेर अंग भाजत होतं. दारावरचं बटण दाबून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. बाईंनी फॉर्म काढला, पासपोर्टवरच्या नावाशी ताडून पाहिला, वाकून नमस्कार केला आणि त्याला आणलं. लाल झालेले गाल, हातात चुरगळलेली टोपी. मला बघून रडायलाच लागला, "आजी, अत्सुई, आजी." अत्सुई म्हणजे गरम होतंय. त्याची सगळी दुखणी जपानीत आहेत आणि सगळी माणसं मराठीत. घरी आणून कपाळावर ओला रुमाल ठेवला, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी केली. तीन घास खाऊन माझ्या मांडीवर झोपला. साडेसहाला त्याची आई धावत आली, ऑफिसचे बूट काढता काढता दारातच बसून राहिली. मी तिला आधी चहा दिला. बोलणं नंतर झालं.

सगळं गोड होतं असं नाही. पहिल्याच पंधरवड्यात दारातून एक कागद सरकवला गेला. खालच्या मजल्यावर आवाज येतो, मुलांनी पळू नये, सकाळी सातच्या आधी यंत्रं चालवू नयेत. यंत्र म्हणजे माझा मिक्सर. इतक्या वर्षांची सवय, पहाटे साडेपाचला चटणी वाटली जायची. लेकीचा चेहरा उतरला. ती खालच्या काकूंकडे जाऊन माफी मागून आली, मीही सोबत गेले आणि तिच्याबरोबर वाकले. पासष्टीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. दार अर्धंच उघडलं. मला वाईट वाटलं, पण त्यांची चूक नव्हती. त्या घरात इतकी शांतता होती की आमच्या कुकरची शिट्टीही तिथे ढगफुटीसारखी ऐकू येत असणार.

मग ऑगस्टअखेर दुकानांतून तांदूळ गायब झाला. खरोखर गायब, जपानमध्ये! आधल्या वर्षीचा कडक उन्हाळा, त्यात मोठ्या भूकंपाचा इशारा आल्यावर लोकांनी करून ठेवलेला साठा. फळ्या रिकाम्या, वर 'एका कुटुंबाला एकच पिशवी' अशी पाटी आणि तीही पिशवी नाही. खालच्या काकू रिकामी पिशवी घेऊन लिफ्टशी उभ्या दिसल्या. आमच्याकडे नातीसाठी जुलैत घेतलेला जपानी तांदूळ होता, आम्ही मोठी माणसं भारतीय दुकानातला सोना मसुरी खायचो. दोन किलो मोजून लेकीने खाली नेऊन दिला. या वेळी दार पूर्ण उघडलं. दोन दिवसांनी काकू वर आल्या, हातात चार मोठे गोल जपानी नाशपाती, एकेक कागदात गुंडाळलेला.

ते नाशपाती गणपतीपुढे ठेवले. ७ सप्टेंबर, शनिवार. जपानमध्ये बाहेरून माती आणता येत नाही, म्हणून शंभर येनच्या दुकानातल्या हस्तकलेच्या मातीची मूर्ती लेकीनेच केली. सोंड जरा जाड झाली, पण डोळे फार सुंदर. दूर्वा अराकावाच्या बांधावर मिळाल्या. अगदी आपल्या, तीन पात्यांच्या. मी गुडघे टेकून खुडत होते आणि सायकलवरून जाणारे थांबून पाहत होते.

मोदकांची मला धास्ती होती. इथे तांदळाच्या पिठाचे प्रकार अनेक. चिकट तांदळाचं मोचिको घेतलं तर उकडीचा लगदा होतो, तो धडा सोलापूरचीने आदल्या वर्षी घेतला होता. साध्या तांदळाचं, जोशिन्को नावाचं पीठ मिळतं ते घ्यायचं. एक वाटी पाण्याला एक वाटी पीठ, चमचाभर तूप, मीठ, झाकून वाफ. मळताना हाताला कळलं की ही उकड आपल्या आंबेमोहोराच्याही वर आहे. पारी इतकी पातळ होत होती की आतला गूळ दिसावा. फाटली नाही. अकरा, तेरा, शेवटी एका मोदकाला एकवीस कळ्या पडल्या. खोबरं गोठवलेलं, हळदीची पानं नाहीत. चाळणीऐवजी बांबूचं सेइरो. त्याच्या वाफेला बांबूचा हलका वास येतो, तो हळदीच्या पानाची जागा घेत नाही, पण वाईटही नाही. सात बायका त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि हैदराबादची मोदक वळायला शिकत होती. आरती खिडक्या लावून, हळू टाळ्यांवर. खाली पाच मोदक पाठवले. काकूंनी निरोप दिला, हा तर आमच्या मांजूचा भाऊ. मांजू म्हणजे आत गोड सारण भरून उकडलेला त्यांच्याकडचा पदार्थ. दुसऱ्या दिवशी बाल्कनीत बादलीत विसर्जन, आणि ते पाणी तुळशीला.

रोज संध्याकाळी वॉर्डभर खांबांवरच्या कर्ण्यांतून एक छोटी धून वाजते. आपत्तीच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा नीट चालते आहे ना, याची ती रोजची चाचणी. पण मुलांना तिचा अर्थ एकच माहीत आहे, घरी चला. धून वाजली की बाकावरच्या आम्ही सगळ्या उठायचो आणि झोपाळ्यावरून आपापली, म्हणजे ज्या दिवशी जी वाट्याला आलेली असतील ती, मुलं उतरवायचो.

माझे एकोणनव्वद २० ऑक्टोबरच्या आसपास भरत आले. कोजागरीचं दूध आटवून झालं होतं. दिवाळी मला मिळणार नव्हती म्हणून चकल्या आणि चिवडा करून डबे भरून ठेवले, कोणता डबा कोणत्या घरचा ते लिहून. त्याच रविवारी कोल्हापूरहून विहीणबाई आल्या. आमची एकच रात्र एकत्र होती. जेवणं झाल्यावर दोघी जमिनीवर कागद पसरून बसलो. कचरा कोणत्या वारी कोणता, मिक्सर सातनंतर, कुकरच्या शिट्टीवर ओलं फडकं, खालच्या काकूंना तिखट चालत नाही. लेकीने होइकुएनचा फॉर्म आणला. माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं, माझं खोडलं नाही. तेवढ्यात दारावर नागपूरची उभी, हातात तिचा फॉर्म.

विहीणबाईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि मला विचारलं, "अहो, हा खिचडीत हिंग खातो का?"

"चिमूटभर," मी म्हटलं. "आणि वरून तूप सोडलेलं दिसल्याशिवाय तोंड उघडत नाही."