मॉपी १:१० : तळ पूर्ण, पाण्यावरची पहिली मापं

१९६० सालच्या मायामी–नासाऊ (बहामा बेटं) शर्यतीत 'मॉपी' नावाच्या लाकडी मोटारबोटीने सुमारे १८५ मैलांचं अंतर आठ तासांत कापलं. वारा जोराचा होता आणि लाटा आठ फुटांच्या. सुकाणू सॅम ग्रिफिथ यांच्या हाती होतं आणि बोटीचे मालक डिक बर्ट्राम सोबत होते. दुसरी आलेली 'अ‍ॅक्वा हंटर' २३ फुटी होती. ती जिम विन चालवत होते आणि मॉपीप्रमाणे तिचाही तळ बोटींचे आखणीकार रे हंट यांनीच आखलेला होता. मोठी बोट आणि छोटी बोट, दोन्ही एकाच आखणीच्या, आणि बाकीचे कितीतरी मागे! किनाऱ्यापासून दूरच्या शर्यतींच्या बोटी कशा असाव्यात, हा प्रश्न त्या दिवसानंतर नव्याने मांडला गेला.

पुढे याच लाकडी बोटीवरून फायबरग्लासचा साचा निघाला आणि १९६१ पासून 'बर्ट्राम ३१' विक्रीला आली. लांबी ३० फूट ७ इंच, रुंदी ११ फूट २ इंच. १:१० प्रमाणात आमच्या रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलची लांबी ९३२ मिमी आणि रुंदी ३४० मिमी येते. ही नोंद तळ पूर्ण होऊन पाण्यावर पहिली मापं घेईपर्यंतची आहे. वरची बांधणी अजून प्रायमरवरच आहे.

सगळा जीव मागच्या अर्ध्या भागात

हंट यांच्या आधीच्या वेगवान बोटींचा तळ पुढे धारदार असे आणि मागे जाता जाता सपाट होई. शांत पाण्यात ते झकास चालतं. लाटेवरून बोट उडाली की मात्र ती त्या सपाट भागावरच आपटते. हंट यांनी तळाचा इंग्रजी 'व्ही'सारखा आकार मागच्या फळीपर्यंत, म्हणजे ट्रान्समपर्यंत, जवळजवळ तसाच नेला. बर्ट्राम ३१ च्या ट्रान्समला तळाचा चढ, म्हणजे डेडराइज, २३ अंश आहे. १९५८ साली न्यूपोर्टला अमेरिकाज कप या शिडांच्या बोटींच्या शर्यतीच्या चाचण्या चालू असताना हंट यांची अशीच एक छोटी बोट लाटांतून पळताना बर्ट्राम यांनी पाहिली आणि मॉपीची कल्पना तिथे रुजली.

मॉडेल करणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा पुढच्या देखण्या टोकावर असतं. या बोटीत ते मागे हवं. आमच्या रेखाटनात ट्रान्समपाशी चाइनची (तळ आणि बाजू मिळतात ती कड) रुंदी २८० मिमी आहे. अर्धी रुंदी १४० मिमी, म्हणून २३ अंशांना कण्यापासून चाइनपर्यंतची उंची ५९.४ मिमी. एका अंशाची चूक म्हणजे उंचीत तीन मिमीपेक्षाही कमी फरक. पॉलिश पेपर जरा जास्त फिरला की तेवढं सहज निघून जातं. डावी बाजू २३ आणि उजवी २२ झाली तर बोट वेगात एका कुशीवर झुकते आणि सुकाणू सरळ असूनही वळत राहते. नंतर वजन टाकून ते सुधारत नाही, कारण वेग बदलला की झुकणंही बदलतं.

म्हणून २३ अंशांचा एक पक्का गेज (कोन तपासायचा साचा) ३ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून घेतला. मागच्या पाच फ्रेमवर तो प्रत्येक थरानंतर लावून पाहिला: प्लायचा पहिला थर, दुसरा थर, काचकापड (काचतंतूंचं कापड), पुट्टी. गेजखालून उजेड दिसला तर काम तिथेच थांबवायचं.

सांगाडा

कणा ६ मिमी बर्च प्लायचा, फ्रेम ४ मिमीच्या. मागच्या भागात फ्रेममधलं अंतर १०० मिमी, पुढच्या तीन गाळ्यांत ७५ मिमी. सगळं १८ मिमी एमडीएफच्या पाटावर उलटं उभं केलं. पाट सपाट आहे ना, हे आधी काचेच्या पट्टीवर तपासा. आमच्या पाटाला मधोमध दीड मिमीचा फुगवटा होता. तो तसाच राहिला असता तर कण्याला मागे पोक आलं असतं. तळाला मागे लांबीच्या दिशेने पोक किंवा खळगा असला की बोट पळताना नाक एकतर उचलून धरते नाहीतर खाली दाबते. शेवटच्या ३०० मिमीत लांबीची रेषा अगदी सरळ हवी.

लेझरने कापलेल्या प्लायच्या कडा जळून काळ्या होतात आणि इपॉक्सी (दोन भाग कालवून होणारं चिकट राळ) त्या काजळीला नीट धरत नाही. १२० नंबरच्या पेपरने लाकडाचा खरा रंग दिसेपर्यंत घासायचं. फ्रेमच्या खाचा लेझरच्या रेखाटनाच्या फाइलमध्ये ०.१५ मिमी घट्ट ठेवल्या होत्या. तरीही प्लायची खरी जाडी ३.८ पासून ४.१ पर्यंत निघाली, म्हणून प्रत्येक खाच कानशीने बसवावी लागली. फाइल पाठवण्याआधी हातातलं प्लाय व्हर्नियरने मोजा.

तळ : दोन तिरके थर

एकसंध प्लायचा पत्रा मागच्या अर्ध्या भागात बसतो, पुढे नाही. पुढे तळाला पीळही आहे आणि फुगवटाही आहे. जोर लावला तर पत्रा फ्रेमच्या मध्येच सपाट राहतो आणि बोटीचं नाक कोनाकोनाचं दिसतं. म्हणून ०.८ मिमी बर्च प्लायच्या पट्ट्या दोन थरांत लावल्या. पहिला थर ४५ अंशांवर एका दिशेने, दुसरा त्याला काटकोनात. पट्ट्यांची रुंदी मागे २० मिमी, पुढे १२.

याच पद्धतीने, अर्थात खऱ्या आकारात, त्या काळच्या अनेक शर्यती बोटी बांधल्या गेल्या. या पद्धतीचा एक मोठा माणूस तर मुंबईचाच म्हणावा लागेल. रेनातो 'सनी' लेवी यांचा जन्म कराचीचा, १९२६ चा. १९५० च्या दशकात त्यांनी मुंबईत अ‍ॅफ्को या यार्डात बोटी आखल्या आणि बांधल्या, मग ते इटलीला गेले. त्यांच्या 'ए'स्पेरांझिएला'ने इंग्लंडमधली १९६३ ची काउज–टॉर्की शर्यत जिंकली आणि 'सर्फ्युरी'ने १९६७ ची. आपल्याकडे अ‍ॅफ्कोचं नाव बोटींच्या गप्पांत निघत नाही, याची खंत वाटते.

पट्ट्या लावताना सुरुवात मधल्या फ्रेमपासून करायची आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने जायचं. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतली तर सांगाडा पिळतो. दर सहा पट्ट्यांनंतर ट्रान्सम आणि मधली फ्रेम यांच्यावर सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका रेषेत पाहायचं. पट्टीची कड शेजारच्या पट्टीला जिथे टेकत नाही तिथे ती रंध्याने टोकाकडे निमुळती करायची. जबरदस्तीने कडेवर वाकवली की ती उचलली जाते आणि खाली हवेची पोकळी राहते. पहिल्या थरात अशा चार पोकळ्या सापडल्या. नखाने टकटक केल्यावर आवाज पोकळ येतो. १ मिमीची दोन भोकं पाडून एकातून सिरिंजने इपॉक्सी भरलं, दुसऱ्यातून ते बाहेर आल्यावर थांबलो.

बाहेरून तळावर चौरस मीटरला १६० ग्रॅमचं काचकापड, बाजूंवर ८० ग्रॅमचं. तळाचं क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर, म्हणजे कापड सुमारे ४३ ग्रॅम. त्याला ७० ग्रॅम इपॉक्सी कालवलं आणि उरलेलं प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढलं. इपॉक्सीचं प्रमाण वजनाने वेगळं आणि मापाने वेगळं असतं, कारण हार्डनर हलका असतो. डब्यावर कोणतं लिहिलंय ते पाहूनच तराजू घ्या. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त खोल कपात ठेवू नका. ते स्वतःच्या उष्णतेने उकळायला लागतं. पसरट ताटलीत ओतलं तर वेळ मिळतो.

पावसाळ्यातल्या दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो घासायचा नाही, आधी कोमट पाणी आणि हिरव्या घासणीने धुवायचा. न धुता घासला तर तो पृष्ठभागात दाबला जातो आणि पुढचा रंग फिशआय, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखे खळगे, पाडत सुटतो.

पाणी फोडणाऱ्या पट्ट्या

तळावर लांबीला त्रिकोणी पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रेक म्हणतात. व्हीवरून वर चढणारं पाणी त्या कापतात आणि थोडी उचलही देतात. मॉडेलवर दर बाजूला तीन लावल्या, सावरीसारख्या हलक्या लाकडात नाही तर सागात, कारण धार टिकायला हवी. खालचा पृष्ठभाग पाण्याला समांतर, बाहेरची कड चाकूसारखी. रंगाआधी सगळ्यांना कडा गोल करायची सवय असते. इथे गोल केली की पाणी कडेला चिकटून वर जातं आणि बोट ओल्या बाजू घेऊन पळते. आमची एक पट्टी घासताना अर्ध्या मिमीने गोल झाली होती. चाचणीत नेमकी तेवढ्याच भागात पाण्याची चादर बाजूवर चढलेली दिसली. इपॉक्सी पुट्टीने धार पुन्हा काढली, चादर गेली.

आतल्या पट्ट्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) पुढे ९० मिमीवर संपवल्या. तशाच ट्रान्समपर्यंत नेल्या तर त्यांच्यामागून येणारे हवेचे बुडबुडे पंख्यात शिरतात, मोटर ओरडते आणि वेग पडतो.

शाफ्ट

दोन मोटरी, दोन शाफ्ट (मोटर आणि पंखा जोडणारे दांडे), उतार १० अंश. शाफ्ट ४ मिमी स्टेनलेस, नळी पितळी, टोकांना ब्राँझ बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी. नळीची लांबी ३२० मिमी आहे आणि इथेच मोठी चूक होऊ शकते. दोन बुशमध्ये २५० मिमी अंतर असेल तर ४ मिमीचा शाफ्ट मिनिटाला सुमारे ७,६०० फेऱ्यांना दोरीउडीसारखा झोके घेतो. २०० मिमीला ही मर्यादा ११,९०० होते. आम्हाला चालवायचं होतं १०,५०० ला. मधोमध एक बुश टाकला की अंतर १६० मिमी उरतं आणि मर्यादा १८,६०० च्या आसपास जाते. मधला बुश बसवायला नळी कापून दोन तुकडे करा, शाफ्ट आत ठेवूनच तुकडे चिकटवा. नाहीतर तीन बुश एका रेषेत येत नाहीत.

मोटरी १,२०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), बॅटरी प्रत्येकी ३एस (तीन सेलची) ५,००० एमएएच. पंखे ४० मिमी, तीन पात्यांचे, पिच (एका फेरीत पंखा पुढे सरकेल ते अंतर) ४० मिमी, वरच्या बाजूने बाहेरच्या दिशेने फिरणारे. एका मोटरची दिशा उलटायला तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या.

वजन : ४,७०० ग्रॅम, एक ग्रॅमही कमी नको

मॉडेल हलकं झालं की आनंद होतो. या बोटीत होऊ नये. खरी बोट सुमारे ४,८०० किलोची. १:१० ला १० च्या घनाने, म्हणजे १,००० ने भागायचं: ४.८ किलो. तलावाचं पाणी समुद्रापेक्षा अडीच टक्के हलकं, म्हणून ४.७. हिशोब असा: सांगाडा, डेक, रंग १,९००, वरची बांधणी ३५०, मोटरी ४२०, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) १७०, बॅटऱ्या ७८०, शाफ्ट, पंखे, सुकाणू ३३०, सर्वो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर), रिसीव्हर, वायरी १५०. बेरीज ४,१०० आणि शिसं ६००.

शिसं कण्यावर टाकायचा मोह होतो. तसं केलं की मॉडेल पाण्यावरच्या बुचासारखं झटपट डुलतं आणि लगेच खेळणं दिसतं. आम्ही ते चाइनच्या उंचीला दोन्ही बाजूंना विभागलं. डुलणं संथ झालं. थांबलेल्या डीप-व्हीला (मागेपर्यंत खोल व्ही असलेल्या बोटीला) तसंही डुलायची खोड असतेच, तळाला टेकायला सपाट जागा नाही. ते खरंही आहे आणि दिसायलाही हवं.

पाण्यावर

खऱ्या बोटीचे ३० नॉट धरले तर १:१० ला वेग १० च्या वर्गमुळाने भागायचा: ९.५ नॉट, म्हणजे ४.९ मीटर प्रतिसेकंद. त्याहून वेगाने पळवली तर बोट पाण्यावरून टणटणत जाते आणि मॉपी राहत नाही.

पहिल्या फेरीत गुरुत्वमध्य ट्रान्समपासून ३३४ मिमीवर होता. ४ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे नाक लयीत वरखाली व्हायला लागलं. सुकाणूने किंवा थ्रॉटलने ते थांबत नाही, वजन पुढे न्यावंच लागतं. बॅटऱ्या आणि शिसं मिळून १,३८० ग्रॅम ७० मिमी पुढे सरकवले, गुरुत्वमध्य ३५४ वर आला, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. उड्या थांबल्या. ३७० वर नेऊनही पाहिलं: नाक पाण्यात रुतलं आणि वळणावर बोट पुढच्या टोकाभोवती फिरायला लागली. ३५४ कायम केला.

५० मीटरला १०.२ सेकंद, म्हणजे ४.९ मीटर प्रतिसेकंद. दर मोटरला ११ अँपिअर. पंख्याची घसरण, म्हणजे पिचच्या हिशोबापेक्षा कमी पडलेला वेग, ३० टक्के. वीस मिनिटांनी ईएससी कोमट, बॅटऱ्या थंड.

चित्रण सेकंदाला १२० फ्रेमने करून तिप्पट संथ दाखवा. काळही वर्गमुळानेच बदलतो, ३.१६ पट, त्यामुळे फवारा एकदम खऱ्या बोटीसारखा पडतो. त्या शर्यतीतल्या आठ फुटी लाटेचं १:१० माप २४ सेंटिमीटर. तलावावर दुपारच्या वाऱ्यात ८ ते १० सेंटिमीटर मिळाल्या, आणि त्यावर बोट वारा आडवा असताना वाऱ्याकडे झुकते आहे. डीप-व्हीची ही जुनी सवय. पुढच्या फेरीआधी ट्रान्समला ३० गुणिले २० मिमीचे दोन पितळी ट्रिम टॅब (बोटीचा झुकाव सुधारणाऱ्या छोट्या पट्ट्या) बसवतो आहोत, स्वतंत्र स्क्रूवर, अर्ध्या अंशाच्या टप्प्यांनी. त्यांची मापं, विंडस्क्रीन आणि इंजिनांच्या पेट्या पुढच्या नोंदीत.