ते उंदराचे होते

डिशमधील स्नायुपेशींचा सातवा दिवस होता आणि पहाटे वीज गेल्याचे कळल्यामुळे मी आठ वाजण्यापूर्वीच नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील आमच्या छोट्या प्रयोगशाळेत पोहोचले. इन्व्हर्टरने इन्क्युबेटर ३७ अंशांवर राखला होता. (येथे पेशी वाढवायच्या तर जीवशास्त्राइतकेच बॅटरीतील पाण्याकडे लक्ष द्यावे लागते.)

आमच्या पेशी १० टक्के सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा पोषक द्रव) असलेल्या द्रवात वाढतात. डिश भरत आली की त्यांना केवळ २ टक्के घोड्याचे सिरम द्यायचे; खुराक तुटला की त्या विभाजन थांबवतात, रांगेत येतात आणि एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रकांचे लांब तंतू बनतात. गर्भातही स्नायू असाच घडतो. काही पेशी मात्र विलीन न होता तंतूच्या कडेला निजून राहतात आणि पुढे इजा झाली की दुरुस्तीसाठी जाग्या होतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्या पाहून त्यांना सॅटेलाइट पेशी हे नाव दिले. खरे कसब या सगळ्याच्या आधी लागते. वाढीच्या काळात डिश सत्तर टक्क्यांहून अधिक भरू दिली, तर विलीन होऊ शकणाऱ्या पेशीच हळूहळू संपतात, आणि विद्यार्थ्यांना हे कितीही बजावले तरी सोमवारी डिश तुडुंब भरलेली सापडते.

त्या दिवशी तंतू आपोआप आखडत होते. अशी डिश क्वचित मिळते, त्यामुळे मी खुशीत होते.

अकराच्या सुमारास निफाडकडचे एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मी डॉक्टर नाही, हे मी फोनवर सांगितले होते. तरीही ‘स्टेम सेलवाल्या (मूळ पेशीवाल्या) मॅडम’ म्हणून त्यांना कोणीतरी माझे नाव सुचवले होते. मुलगा खुर्चीवरून उठताना दोन्ही हात मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावरून वर चढल्यासारखा उठला. पोटऱ्या भरदार होत्या. फाइलमध्ये वाढलेल्या एसजीपीटीचे, म्हणजे यकृताच्या तपासणीत मोजतात त्या विकराचे (एन्झाइमचे) अहवाल आणि दीड वर्षाच्या यकृतावरील औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. हे विकर स्नायूंतही असते, आणि सीपीकेची, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी, रक्ताची एक साधी तपासणी केली असती तर रोख कळला असता. ती दीड वर्ष कोणालाही सुचू नये, याचा मला आजही संताप येतो. अखेर जनुकीय चाचणीत डिस्ट्रोफिन या स्नायूंतील प्रथिनाच्या जनुकाचे ७९ एक्झॉन, म्हणजे तुकडे असतात; त्यांपैकी दोन गळालेले आढळले होते. निदान डुशेनचे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या जनुकीय आजाराचे. फाइलच्या तळाशी स्टेम सेलच्या इंजेक्शनांचे एका क्लिनिकचे पत्रक होते, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायचा विचार चालला होता.

मुलाने सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवले, म्हणून मी त्याला पाहू दिले. “पप्पा, हलतंय!” मग वडिलांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“मॅडम, हेच याच्या मांडीत टोचता येणार नाही का?”

मी शास्त्र सांगू लागले. १९९० च्या दशकात निरोगी दात्यांच्या स्नायुपेशी अशा मुलांच्या स्नायूंत टोचून पाहिल्या होत्या. बहुतेक लवकरच मेल्या, उरलेल्या सुईच्या आसपासच राहिल्या आणि शरीराची प्रतिकारशक्तीही त्यांच्यावर उलटली. शिवाय हृदय आणि श्वासपटल सुईने कसे गाठणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडता असे उपचार मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत, हेही मी पत्रक दाखवून सांगितले. यात दहा मिनिटे गेली. वडील मान डोलवत होते, पण त्यांची नजर डिशवरच होती.

“पण हा कोणाचा पाय आहे?” मुलाने विचारले.

तेव्हा कुठे मी सांगितले की तो उंदराच्या पेशींचा वाण आहे, १९७७ साली इस्रायलमध्ये एका उंदराच्या पायाच्या स्नायूपासून तयार झालेला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि फाइल बांधायला घेतली. जी गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायला हवी होती, ती मी का सांगितली नाही? विसरले असे म्हणणे सोयीचे आहे. पण ते हलणे त्यांच्या डोळ्यांत किती मोठे झाले आहे हे मला दिसत होते, आणि मला ते आवडत होते.

आठवड्याने त्यांचा फोन आला. डिश अजून हलते का, एवढेच त्यांनी विचारले. नवव्या दिवशी ओढाताणीने तंतू तळापासून सुटतात, त्यामुळे ती टाकून दिली, असे मी सांगितले. जमिनीचे काय ठरले, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.